शिंप्याच्या सिनेमाचा भाव

नोकरीच्या पहिल्या दिवशी अण्णांनी माझ्या हातात खेळाच्या मास्तरांकडे असतं तसलं स्टॉपवॉच दिलं, समोरच्या टीव्हीवर एक सिनेमा लावला, त्याचा आवाज बंद केला आणि सांगितलं की बघता बघता जिथे उठून पाणी प्यावंसं वाटेल तिथे बटण दाबायचं. मी धारवाडला कायद्याची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झाले होते. करार वाचायला माणूस पाहिजे, असं कुणीतरी सांगितलं म्हणून हुबळीला आले होते. पाणी पिण्याचा करारांशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण दोन तासांत मी एकोणीस वेळा बटण दाबलं. अण्णांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "एकोणीस. छलो ऐती. रविवारी दुपारी चालेल."

छलो ऐती म्हणजे आमच्याकडच्या कानडीत चांगलं आहे. एकोणीस वेळा पाणी म्हणजे जाहिरातींना एकोणीस जागा. साबण, चहापत्ती, गुडघ्यांचं तेल आणि सोनं गहाण ठेवून घेणाऱ्या कंपन्या हे अण्णांच्या लेखी टीव्हीवरचं खरं काम. त्यांच्या मधल्या वेळात काहीतरी हलतं-बोलतं लागतं म्हणून लोक सिनेमे काढतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. हे ते विनोदाने म्हणत नसत. विनोद त्यांना समजत नसे. विनोदी सिनेमाही ते मारामारीच्या सिनेमासारखाच मिनिटांवर मोजत.

त्यांचा धंदा सिनेमांच्या हक्कांचा. बेंगळूरला किंवा कोल्हापूरला कुणीतरी सिनेमा काढतो, तो थिएटरात शुक्रवारी लागतो आणि सोमवारी उतरतो. निर्मात्याचे डोळे अजून लाल असतात तोवर अण्णांचा फोन जायचा. थिएटरातून उतरलेला सिनेमा टीव्हीवर दाखवायचा हक्क, फोनवर दाखवायचा हक्क, दुसऱ्या भाषेत डब करून घ्यायचा हक्क, असे सगळे हक्क ते एकगठ्ठा घेत आणि मग एकेक सुटा करून विकत. त्यांचे आजोबा मिरजेकडून कापडाचे तागे घेऊन हुबळीच्या बाजारात आले होते. ताग्याने घ्यायचं आणि मीटरने विकायचं, हे घराण्यात तिसऱ्या पिढीपर्यंत बरोबर उतरलं होतं. फरक एवढाच की आजोबा कापड हाताने चाचपून घेत. अण्णा सिनेमा बघतही नसत.

हे मला आठवडाभराने ध्यानात आलं. ऑफिस गोकुळ रोडला, अण्णांच्या थोरल्या भावाच्या पापडाच्या कारखान्यावरच्या मजल्यावर. तिथे दिवसभर कुठला ना कुठला सिनेमा चालू असे, पण अण्णांची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवलेली होती. ते बघणाऱ्याकडे बघत. मी जांभई दिली की लिहून घेत. मी पुढे सरकून बसले तरी लिहून घेत, आणि ते दुसरं लिहिताना त्यांचा चेहरा जास्त पडलेला असे.

मोठी परीक्षा खाली कारखान्यात होई. तिथे अकरा बायका ओळीने बसून पापड लाटत. भिंतीवर अण्णांनी टीव्ही लावून घेतला होता. नवीन सिनेमा आला की ते उडदाच्या पिठाच्या पोत्यावर, टीव्हीकडे पाठ करून, बायकांकडे तोंड करून बसत. बायकांनी मान किती वेळा वर केली याच्या रेघा मारत. एकही रेघ नाही म्हणजे सिनेमा पडेल. पण एखादीचा लाटणारा हात थांबला तर अण्णा भावात कपात करत. मी कारण विचारलं, तर म्हणाले की टीव्हीचा सिनेमा काम करता करता बघायचा असतो. ज्या सिनेमाने बाईचं लाटणं थांबतं, त्याने तिची पोळी करपते, आणि पोळी करपली की ती पुढच्या रविवारी ते चॅनेल लावत नाही. या परीक्षेत शेवटचा शब्द गंगव्वाचा. ती सगळ्यांत जुनी, अंगठ्याच्या पेराने पापडाची जाडी सांगणारी. सिनेमा संपला की अण्णा तिला विचारत, आणि ती पापडावरून नजर न काढता एकतर "छलो" म्हणे नाहीतर "ब्याड", म्हणजे नको. बेंगळूरच्या तीन चॅनेलांचे रविवार अशा रीतीने गोकुळ रोडवर ठरत होते, आणि त्या चॅनेलांच्या मोठ्या साहेबांना गंगव्वा नावाची कुणी बाई पृथ्वीवर आहे हे ठाऊक नव्हतं.

दिग्दर्शक लोक यायचे त्यांची मला दया येई. त्यांना वाटे, अण्णा कथा विचारतील. अण्णा लांबी विचारत, मग पहिलं गाणं कितव्या मिनिटाला ते, मग सेन्सॉरचा दाखला कुठला ते. मोठ्यांसाठीचा दाखला असेल तर टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, म्हणून तिथल्या तिथे निम्मा भाव. सर्वांत शेवटी विचारत, "हिरो मरतो काय?" मरत असेल तर आणखी चौथाई कमी. मेलेला हिरो लोक दुसऱ्यांदा बघत नाहीत, आणि चॅनेल पैसे देतं ते दुसऱ्या, पाचव्या, अकराव्या वेळेचे.

कोल्हापूरचा एक तरुण दिग्दर्शक यावर अर्धा तास भांडला. हिरोचं मरणं हाच सिनेमाचा आत्मा आहे, असं त्याने तीनदा सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि आत्म्याची किंमत कागदावर लिहून दाखवली. तिसऱ्या दिवशी तो दिग्दर्शक कॅमेरा घेऊन परत आला. भावाच्या केबिनमध्ये एक खाट टाकली, हिरोच्या कपाळाला पट्टी बांधली, गंगव्वाला पांढरं लुगडं नेसवून नर्स केलं आणि हिरोने डोळे उघडले. गंगव्वाला एक वाक्य होतं, ते तिने पापड नाकारावा तसं म्हटलं. सिनेमा पुऱ्या भावाला गेला. त्या वर्षात तो सात वेळा दाखवला, आणि अण्णा अभिमानाने सांगत की सात वेळा बघूनही कुणाला त्याची गोष्ट सांगता येत नाही.

मी या सगळ्याला हसत असे, पण करार मीच लिहीत असे. "कायमसाठी" हा शब्द अण्णांकडच्या चार वर्षांत मी किती लोकांपुढे सरकवला याचा हिशेब मी ठेवलेला नाही. सही करणारा बहुतेक वेळा तो शब्द वाचायचा नाही. वाचलाच तर अण्णा त्याला चहा सांगत.

मग फोनवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांचे दिवस आले. मुंबईच्या अशाच एका कंपनीत खरेदीच्या कामाला माझ्याच वयाची एक बाई होती. दर मंगळवारी ती व्हिडिओवर येई. ती अण्णांना समजावून सांगे की आता जाहिरातींच्या जागा मोजायचा जमाना गेला. कंपनीला कळतं की कुठला माणूस कितव्या मिनिटाला सिनेमा सोडून गेला, कुणी शेवटपर्यंत बघितला, कुणी केवळ या सिनेमासाठी वर्गणी भरली. थिएटरात किती चालला त्यावरून पायऱ्या ठरलेल्या, पायरीवरून भाव ठरलेला. तिच्या बोलण्यात डेटा हा शब्द देवासारखा येत असे. अण्णांनी तीन मंगळवार ऐकलं आणि चौथ्या मंगळवारी तिला म्हणाले की तुमच्याकडे लाखो माणसं आहेत आणि माझ्याकडे अकरा बायका, पण उत्तर एकच येतंय. शिवाय माझ्या बायका तेवढ्या वेळात पापड तरी करतात.

ती बाई हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खरंच दोन्हीकडची उत्तरं लावून बघितली होती.

याच दिवसांत हुबळीतल्याच उणकलच्या अक्कांचं प्रकरण झालं.

अक्का म्हणजे मराठी शाळेतून मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या बाई. त्यांचे यजमान धारवाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. त्यांनी चार उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर आणि मित्रांना घेऊन, एकच सिनेमा काढला होता, आणि तो कुठे लागायच्या आत ते वारले होते. सिनेमा जुन्या हुबळीतल्या एका शिंप्याचा. त्याच्याकडे एक माणूस कोट शिवायला टाकतो आणि न्यायला येतच नाही. शेवटी शिंपी तो कोट हातावर टाकून त्या माणसाला शोधत गावभर फिरतो. एवढीच गोष्ट. कुणी ओळखीचा नट नाही, गाणं नाही. वर भाषेचा घोळ. त्यातली माणसं आपण घरात बोलतो तशी बोलत होती, वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवत होती. मराठी चॅनेलने तो कानडी म्हणून परत पाठवला होता आणि कानडी चॅनेलने मराठी म्हणून. मुंबईच्या कंपनीच्या फॉर्मात भाषेसाठी एकच चौकोन होता.

अण्णांच्या कानावर हे आलं तेव्हा ते म्हणाले, बघून येऊ. म्हणजे बाईंना बघून येऊ. गाडीत त्यांनी मला आकडाही सांगून टाकला. फार नव्हता, पण अपमान वाटावा इतका कमीही नव्हता. करार माझ्या पिशवीत तयार होता, "कायमसाठी" सकट.

अक्कांचं घर उणकल तळ्याच्या अलीकडच्या नव्या वस्तीत, खालच्या मजल्यावर. अण्णांनी बसल्या बसल्या लांबी विचारली. अक्का म्हणाल्या, दोन तास सहा मिनिटं. अण्णांनी गाण्यांचं विचारायला तोंड उघडलं, तेव्हा अक्कांनी त्यांना थांबवून शांतपणे विचारलं, "तुम्ही बघितलात काय?"

अण्णांनी सांगितलं की आपण बघत नाही, आपला तो नियम आहे, बघितलं की भाव चुकतो. अक्का म्हणाल्या, तर मग भाव सांगूच नका. सांगायचा तर आधी बघा. सगळा बघायचा, आवाजासकट, मध्ये न थांबवता. अण्णांनी सवयीने खिशातून स्टॉपवॉच काढलं होतं. अक्कांनी वर्गात मुलाच्या हातातली गोटी काढून घ्यावी तसं ते काढून घेतलं आणि आतल्या खोलीत ठेवून आल्या. त्यांनी खुर्चीही फिरवली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मी अण्णांना टीव्हीकडे तोंड करून बसलेलं पाहिलं.

मी सिनेमा बघितला नाही. त्या दुपारी मी अण्णांकडे बघत बसले. ती सवय त्यांनीच लावली होती. पहिली वीस मिनिटं ते दवाखान्यात बसल्यासारखे बसले होते. दोन वेळा मनगटाकडे बघितलं. एकदा अक्कांकडे बघून काही बोलणार होते, पण अक्का टीव्हीकडे बघत होत्या. मग शिंपी कोटाला इस्त्री करतो तो भाग आला. कोळशाची इस्त्री, ओलं फडकं, वाफ आणि तो माणूस. दुसरं काही नाही, बोलणं नाही. अकरा मिनिटं. अण्णांचा पाय सतत हलत असायचा, जेवतानाही हलायचा. तो थांबला. इस्त्री संपली तरी काही वेळ थांबलेलाच राहिला.

सिनेमा संपल्यावर अक्कांनी चहा आणला. अण्णांनी तो संपवला, कप खाली ठेवला आणि गाडीत मला सांगितला होता त्याच्या निम्म्याहून कमी आकडा सांगितला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. अक्कांनी कारण विचारलं. अण्णा अगदी मनापासून म्हणाले, "अक्का, सिनेमा डोक्यात राहतो. एकदा बघितला की बसला. डोक्यात बसलेला सिनेमा माणूस पुन्हा कशाला बघेल? चॅनेलला विसरायला होणारा सिनेमा लागतो. हा तुमच्या यजमानांनी फार पक्का केलाय."

अक्कांनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. आयुष्यभर त्यांनी नाना तऱ्हेच्या पालकांना तोंड दिलं असेल, पण असा बहुधा पहिलाच. त्या म्हणाल्या, "मग नाही द्यायचा." आणि आतून स्टॉपवॉच आणून त्यांच्या हातात ठेवलं.

परतल्यावर ऑफिसच्या दारात गाडी थांबली तेव्हा अण्णा म्हणाले की त्या शिंप्याने शेवटी कोटाचं जे केलं ते चूक केलं. तिथून पुढे दोन महिने त्यांचा हाच उद्योग. हा सिनेमा कसा बिनकिमतीचा आहे हे ते भेटेल त्याला सांगत. सांगण्यासाठी त्यांना तो सिनेमा सांगावा लागे. न्हाव्याला सांगितला. भावाला सांगितला. भाऊ म्हणाला, अकरा मिनिटं इस्त्री असेल तर बरं, बायका मान वर करणार नाहीत. अण्णा चिडले आणि ती अकरा मिनिटं त्यांनी हातवारे करून दाखवली. पापडाच्या हॉलमध्ये सांगितला, तेव्हा अकराच्या अकरा लाटणी थांबली. गंगव्वाने विचारलं की पुढे त्या कोटाचं काय झालं. अण्णा म्हणाले, काय झालं ते महत्त्वाचं नाही, तुमचे हात थांबले हे बघा, म्हणूनच हा सिनेमा विकत नाही. गंगव्वा म्हणाली, ते असू दे, कोटाचं सांगा.

मंगळवारी मुंबईच्या बाईलाही त्यांनी वाईट सिनेमाचं उदाहरण म्हणून तोच सांगितला, अर्धा तास. तिने लिंक मागितली. अण्णा म्हणाले, आपल्याकडे नाही, आणि असली तरी आपण असला माल पाठवणार नाही.

अक्कांचा नंबर तिला मी दिला. अण्णांना न विचारता दिला.

नंतर कोरोनाचं टाळं लागलं. थिएटरं बंद पडली, लोक घरात बसले आणि मुंबईच्या कंपन्यांना दाखवायला नवीन काही मिळेना. पायऱ्या-बियऱ्या सगळं बाजूला राहिलं. त्या काळात कपाटातले, डब्यातले, विसरलेले सिनेमे उचलले गेले, त्यात शिंप्याचाही उचलला. मी धारवाडला घरी अडकले होते. एका सकाळी अक्कांचा फोन आला. मुंबईहून चाळीस पानी करार आला होता. त्या सगळी पानं वाचून बसल्या होत्या आणि त्यांचा एकच प्रश्न होता. "अगं, इथे संपूर्ण विश्वात असं लिहिलंय. विश्वात म्हणजे कुठे?"

मी त्यांना सांगितलं की सही करू नका. चार दिवस बसून मी तो करार खोलला. कायमसाठीच्या जागी तीन वर्षं घातली. तीन वर्षांनी सिनेमा अक्कांकडे पूर्णपणे आणि बिनशर्त परत येईल, असं कलम घातलं. बोलणं दुसऱ्या भाषेत करायचं तर आधी अक्कांना विचारायचं, आणि यजमानांचं नाव शेवटी पळवायचं नाही, वाचता येईल इतका वेळ ठेवायचं, हेही लिहिलं. मुंबईच्या बाईने दोन दिवस घासाघीस केली आणि मान्य केलं. भाषेच्या चौकोनात काय लिहायचं यावर मात्र त्यांच्या ऑफिसात म्हणे आठवडा गेला.

टाळं उठल्यावर मी कामावर गेले, तर अण्णांच्या टेबलावर त्या कराराची छापील प्रत होती. नंबर आणि कराराची कलमं माझ्याकडून आल्याचं मुंबईच्या बाईने मंगळवारच्या बोलण्यात भोळेपणाने सांगितलं होतं, आणि अक्कांकडे जाऊन अण्णांनी प्रत मागून आणली होती. अक्कांनी लपवायचं कारण नव्हतं. मला बस म्हणाले नाहीत. परतीच्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, "पूर्णपणे आणि बिनशर्त. हे शब्द माझे आहेत."

खरंच त्यांचे होते. चॅनेलांकडून आपले हक्क परत घेताना ते हेच शब्द घालत. मी ते त्यांच्याच कपाटातून उचलून त्यांच्या पलीकडच्या बाजूला नेले होते. अण्णांनी लाल पेन काढलं आणि करार पुढे ओढला. बसमध्ये दाखवायचा हक्क कुणाकडे, हे मी लिहिलंच नव्हतं. हुबळी-बेंगळूर रोज इतक्या गाड्या जातात, त्यांत सिनेमे लागतात. विमानातलं सुटलं होतं. मुंबईची कंपनीच दुसऱ्याला विकली गेली तर सिनेमा कुणाचा, हेही सुटलं होतं. तीन ठिकाणी खुणा करून त्यांनी समासात कलमं लिहिली, माझ्यापेक्षा चांगली. पुरवणी करार करून घे म्हणाले. मला वाटलं, प्रकरण निभावलं.

मग त्यांनी विचारलं, "अक्कांकडून किती घेतलंस?"

मी म्हटलं, काही नाही.

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. चार वर्षांत ते माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. ते म्हणाले की माझ्या पाठीमागे नंबर दिलास, माझे शब्द नेलेस, हे मी समजू शकतो, तो धंदा आहे. पण चार दिवसांचं काम फुकट केलंस, म्हणजे उद्या त्या बाईंना वाटणार की या कामाला किंमत नसते, आणि त्या दुसरा करार न दाखवता सही करणार. माझ्याकडे बसून एवढंही शिकली नसशील तर इथे बसू नकोस.

ऑफिसात टाइप करणारी मीच होते, त्यामुळे मला कामावरून काढल्याचं पत्र त्यांनी मलाच सांगितलं आणि मीच टाइप केलं. त्यात कारण लिहिलं होतं: विनामूल्य काम केल्याबद्दल. त्यांनी सही केली आणि चालू महिन्याचा पूर्ण पगार दिला. मला त्या दिवशी फार राग आला होता. बसमध्ये उभी राहून धारवाडला येताना मी त्यांना मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात मी अक्कांचा पुरवणी करार केला आणि त्याचे पैसे मागितले. मागताना जीभ अडखळली. अक्का म्हणाल्या, मी विचारणारच होते, तुझ्या आईला फोन करणार होते. तेव्हापासून मी धारवाडला हेच काम करते. सिनेमावाल्यांचे करार वाचते, फी आधी घेते. ते पत्र मी फ्रेम केलेलं नाही, पण फाडलेलंही नाही.

तीन वर्षं संपली तेव्हा मुंबईच्या कंपनीने शिंप्याचा सिनेमा पुढे ठेवला नाही. जेवढे बघायला आले तेवढे सगळे शेवटपर्यंत बसले, पण मुळात आले थोडे, असं त्यांच्या डेटात निघालं. सिनेमा पूर्णपणे आणि बिनशर्त अक्कांकडे परत आला. आठ दिवसांत अण्णांचा अक्कांना फोन गेला, आणि अक्कांनी मला वकील म्हणून बोलावून घेतलं.

अण्णा थकलेले वाटले. चॅनेलं आता एकमेकांत मिळून गेली होती, खरेदी कमी झाली होती, भावाने पापड लाटायचं मशीन आणलं होतं आणि गंगव्वाला पाकिटं भरायला बसवलं होतं. परीक्षा बंद पडली होती. पण अण्णांचा पाय तसाच हलत होता. त्यांनी मला ओळख दाखवली नाही, की दाखवायची वेगळी गरज त्यांना वाटली नाही, कोण जाणे. सरळ आकडा सांगितला. पूर्वीपेक्षा बरा होता.

अक्कांनी विचारलं, हा सिनेमा विकत नाही म्हणत होता, मग आता कशाला हवा.

अण्णांनी खरं ते सांगितलं. कंपन्या आता एकेक सिनेमा घेत नाहीत, दहाचं गाठोडं घेतात. गाठोड्यात एक तरी चांगला लागतो, त्याच्या आडून बाकीचे नऊ खपतात. आपल्याकडे नऊ आहेत.

माझ्या डोळ्यांसमोर ते नऊ उभे राहिले. त्यातल्या एकात गंगव्वा नर्स होती.

अक्कांनी विचारलं, "म्हणजे याच्याशिवाय ते नऊ विकत नाहीत?"

"नाही."

"मग मला दहाच्या भावातला वाटा द्या. एकाचा नको."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली, कारण हे मी शिकवलेलं नव्हतं. मला सुचलंही नसतं. अण्णांनी दोन तास घासाघीस केली. दूरच्या नातेवाइकांच्या लग्नाला जाऊन पंगत झोडणारा माणूस जसा रंगतो तसे ते रंगले होते. चहा तीनदा झाला. शेवटी त्यांनी वाटा मान्य केला, वर्षं दोनच दिली म्हणून कुरकुर केली आणि सही केली. जाताना अक्कांना एवढंच म्हणाले की शाळेत आयुष्य वाया घालवलंत.

महिन्याभराने त्यांनी दहा सिनेमांची यादी छापून कंपन्यांना पाठवली. वकील म्हणून एक प्रत मलाही आली. प्रत्येक सिनेमापुढे रकाने होते: लांबी, गाणी, मारामारी, जाहिरातींच्या जागा, शेरा. नऊंपुढे शेरे होते ते असे: कौटुंबिक. रविवार दुपार. नागपंचमीला उत्तम. दहावा अक्कांचा. गाणी नाहीत, मारामारी नाही, जागा चार. आणि शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द होते: स्वतः पाहिला.

गाठोड्याचा भाव त्यांनी कुणीही हसावं इतका चढा ठेवला होता. मुंबईच्या त्या बाईचा मला फोन आला. ती आता मोठ्या जागेवर गेली होती. यादीत काही छपाईची चूक आहे काय, असं तिने विचारलं. बाकी सगळ्यांपुढे काहीतरी माहिती आहे, इथे हे काय लिहिलंय.

मी तिला सांगितलं की चूक नाही. भाव त्या दोन शब्दांचाच आहे.